मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या या भारतीयामुळे कॅन्सरच्या पेशीला उपाशी मारणारं औषध मिळालं

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तुमच्या घरात कुणी ना कुणी घेतलेलीच असेल. गरोदरपणात डॉक्टर हमखास देतात ती. पण याच जीवनसत्त्वाचा अभ्यास करता करता कॅन्सरवरच्या पहिल्या औषधांपैकी एक सापडलं, आणि त्यामागे एक भारतीय माणूस होता, हे फार कमी जणांना माहीत आहे.

त्यांचं नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातल्या भीमावरम इथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची आणि वडील लवकर गेलेले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकून पैसे कमवायचे, म्हणून हा मुलगा एकदा घरातून पळालाही होता असं सांगतात. मॅट्रिकला दोनदा गचके खाल्ले, तिसऱ्यांदा पास झाला.

पुढे मद्रास मेडिकल कॉलेजला प्रवेश मिळाला. काळ गांधीजींच्या स्वदेशीचा. सुब्बारावांनी ऑपरेशनच्या वेळी खादीचा गाऊन घालायला सुरुवात केली आणि इंग्रज प्राध्यापकांचा रोष ओढवून घेतला. परिणाम? एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालच्या दर्जाची पदवी हातात पडली.

त्याच सुमारास स्प्रू नावाच्या आजाराने त्यांचे दोन भाऊ गेले. या आजारात आतडी अन्नातलं सत्त्व शोषून घेत नाहीत, माणूस खंगत जातो. यावर औषध का नाही, या प्रश्नाने त्यांना झपाटलं. सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेला, बोस्टनला गेले. पत्नीला भारतातच ठेवून गेले आणि पुन्हा कधीच परतले नाहीत.

तिथे डॉक्टर म्हणून काम मिळेना. मग हॉस्पिटलात रात्रपाळीची हलकी कामं करून त्यांनी पोट भरलं. दिवसा हार्वर्डमध्ये संशोधन. सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्तातलं फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. १९२९ मध्ये दोघांनी स्नायूंमधून एटीपी वेगळं केलं. एटीपी म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा पुरवणारा रेणू, आज शाळेच्या पुस्तकात असतो तोच! तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही.

१९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

मुंबईचा धागा

१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली होती. इथल्या गिरणी कामगार गरोदर बायकांमध्ये दिसणारा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड. सुब्बारावांच्या चमूने १९४० च्या दशकात ते प्रयोगशाळेत बनवलं. स्प्रूच्या रोग्यांनाही त्याचा गुण आला. भावांसाठी मात्र उशीर झाला होता.

कॅन्सरशी संबंध काय?

पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी डीएनएची नवी प्रत बनवावी लागते. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पेशी बेफाम वाढतात. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखी संयुगं देऊन पाहिली, तर आजार उलट बळावतोय असं दिसलं.

मग उलटा विचार झाला: हे जीवनसत्त्व अडवलं तर?

सुब्बारावांच्या चमूने अमिनोप्टेरिन तयार केलं. दिसायला ते हुबेहूब फॉलिक अ‍ॅसिडसारखं. पेशी फसते, ते आत घेते आणि कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसं काम ठप्प होतं. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या १० जणांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली, पण तोवर या मुलांसाठी आशेला जागाच नव्हती. याच औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या उपचारात आहे, संधिवातातही वापरतात.

पण म्हणून फॉलिक अ‍ॅसिडला घाबरू नका. निरोगी पेशींनाही ते लागतंच, आणि गरोदरपणात तर बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ते आवश्यक आहे. गोळी सुरू किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

विदर्भात हत्तीरोगासाठी घरोघरी वाटल्या जाणाऱ्या डीईसी गोळ्याही सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेची देणगी.

ऑगस्ट १९४८ मध्ये, फार्बर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. नोबेल नाही, मोठे मानसन्मान नाहीत. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. पण ल्युकेमियातून बऱ्या होऊन शाळेत परत जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या औषधांत त्यांचं काम आजही आहे.