सर फिरोजशहा मेहता : मुंबईच्या महापालिकेचे शिल्पकार



मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर आलात की समोर महानगरपालिकेची जुनी दगडी इमारत दिसते. तिच्यापुढे एक पुतळा आहे. हा पुतळा कोणा राजाचा किंवा सेनापतीचा नाही, एका वकिलाचा आहे. त्यांचं नाव सर फिरोजशहा मेहता. शहराचा कारभार कोणी करायचा आणि तो माणूस कोणी निवडायचा, या प्रश्नासाठी त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य दिलं. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ या.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले. मग इंग्लंडला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. तिथे त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास मिळाला.

तेव्हाची मुंबई कशी होती? १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हातात दिला होता. त्याच्यावर देखरेख कोणाची, तर 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींची. म्हणजे सरकारनेच नेमलेल्या प्रतिष्ठित लोकांची! कर भरणाऱ्या नागरिकाला मतच नव्हतं. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. हो, क्रॉफर्ड मार्केटवाले तेच. त्यांनी शहरात कामं भरपूर केली, पण पैसाही भरमसाट खर्च झाला. लोक चिडले. १८७१ मध्ये करदात्यांनी मोठी ओरड सुरू केली.

सगळे क्रॉफर्डवर तुटून पडले असताना २६ वर्षांचे फिरोजशहा वेगळंच बोलले. त्यांचं म्हणणं असं की, दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. काम करणारा अधिकारी एकच असावा, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली असावी. तेव्हा हे बोलणं लोकांना रुचलं नाही. भर सभेत त्यांच्याविरुद्ध आरडाओरडा झाला. तरी ते मागे हटले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा आला. नगरपालिकेत ६४ सभासद ठरले. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. मुंबईकरांना पहिल्यांदा मत मिळालं. पण कोणाला? वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच. गिरणीत राबणारा कामगार आणि चाळीतला गरीब भाडेकरू या यादीच्या बाहेरच राहिला. इथे थांबून जरा विचार करा. शहर त्यांच्या घामावर चाललं होतं, पण मतदारयादीत त्यांचं नाव नव्हतं.

फिरोजशहा लवकरच या सभेत आले आणि सुमारे चाळीस वर्षं तिचा आवाज बनून राहिले. १८८४, १८८५ आणि १९०५ साली ते तिचे अध्यक्ष झाले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्या काळातले त्यांचे सहकारी. दोघांनी कायदेमंडळात बसून १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याला आकार दिला. आता सभासद झाले ७२. वॉर्डांतून ३६, जस्टिस मंडळींकडून १६, विद्यापीठाकडून २, व्यापारी चेंबरकडून २ आणि सरकारने नेमलेले १६. शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाने आपला माणूस पाठवायचा, हा वॉर्डाचा विचार या कायद्यात पक्का झाला.

पण मित्रांनो, या व्यवस्थेत एक कच्चा दुवा राहून गेला होता. स्वतः फिरोजशहा जस्टिस मंडळींच्या जागेवरून निवडून यायचे आणि जस्टिस कोण, हे तर सरकार ठरवायचं. १९०७ मध्ये काही इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकाने त्यांना पाडण्यासाठी गट बांधला. जागा होत्या सोळा आणि फिरोजशहा आले सतराव्या क्रमांकावर! ज्यांनी ही सभा उभी केली, तेच सभेबाहेर. पुढे निवडून आलेल्या एकाची निवड रद्द झाली, म्हणून ते पुन्हा आत आले. पण धडा मिळाला. मतदार कोण, हे ठरवणं ज्याच्या हातात, निकालाची किल्लीही त्याच्याच हातात.

फिरोजशहा महापालिकेपुरतेच मर्यादित नव्हते. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९०४ मध्ये सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वर्तमानपत्रही सुरू केलं. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांचं अपुरं काम पुढच्या पिढ्यांनी नेलं. १९२२ मध्ये मतदार वाढले, भाडेकरूही आले. १९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मतदानाने झाली. कर किती भरता, हा प्रश्न संपला. १८८८ चा तो कायदा अनेक बदलांसह आजही चालू आहे.

वादही चालू आहेत. अलीकडे मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ करायचं ठरलं आणि नंतर ते पुन्हा २२७ झाले. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, तरी निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे निवडून दिलेल्या सभेने जाब विचारायचा, ही फिरोजशहांची मूळ मागणी आजही शिळी झालेली नाही.

प्रभागाची रेषा नकाशावर बारीक दिसते. पण तुमची वस्ती कोणाबरोबर जोडायची, तुमच्या नळाचा आणि गटाराचा प्रश्न कोणी मांडायचा, हे तीच रेषा ठरवते. म्हणून प्रारूप प्रभागरचना जाहीर होते तेव्हा लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. ती नोटीस मोठ्यांनी नुसती पाहून सोडून देऊ नये, वाचावी.

उपक्रम : तुमच्या गावात किंवा शहरात प्रभाग किती आहेत? तुमचं घर कोणत्या प्रभागात येतं आणि त्याच्या सीमा कुठून कुठे जातात? घरातल्या मोठ्यांना विचारा, वहीत नकाशा काढा आणि आपल्या सदस्याचं नाव त्यावर लिहा.