शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा अभ्यासक : धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. शिक्षण मात्र नागपुरात. चरोदा-भिलाईचा प्रदेशही तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच मोडत असे. केंब्रिज येथे भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनी लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस होते.

१९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. शेतीचे अर्थशास्त्र केवळ ग्रंथालयात उमगत नाही, हे त्यांनी ओळखले होते. वाई तालुक्यात शेतकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी झाली, पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची. कालव्याचे मोल केवळ सरकारी पाणीपट्टीवरून न ठरवता त्यामुळे वाढलेले पीक व मजुरीही मोजावी, ही त्यांची दृष्टी.

प्रवरेच्या पाण्यावर ऊस वाढला, परंतु भाव खासगी कारखानदारांच्या हाती. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभारण्यास निघाले, तेव्हा गाडगिळांनी अध्यक्षपद स्वीकारले. प्रयोग फसता, तर शेतकऱ्यांची पुंजी बुडाली असती आणि अर्थशास्त्रज्ञाचा शब्दही. १९५०-५१च्या हंगामात गाळप सुरू झाले.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांना तेवढेच गाडगीळ ठाऊक असतात. प्रवरेचे गाडगीळ त्याहून मोठे. ३ मे १९७१ रोजी, पद सोडून पुण्यास परतत असता, रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.