लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

शाळेबाहेरच्या डीपीची गुणगुण आपण रोज ऐकतो. तिच्यातल्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ फॅरडे यांच्या प्रयोगात आहे. १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी ते जन्मले. शिक्षण जेमतेम, गणित कच्चे. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करता करता ते बांधायला आलेली पुस्तकेच वाचू लागले. (आम्ही मात्र पुस्तकांना नुसती कव्हरे घालतो!) १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक झाले.

चुंबकापासून वीज मिळवण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावरच्या एका वेटोळ्यात त्यांनी बॅटरीचा प्रवाह सोडला. दुसऱ्या, वेगळ्या वेटोळ्याच्या तारेजवळची चुंबकसुई हलली आणि थांबली. प्रवाह तोडताच पुन्हा हलली. म्हणजे प्रवाह बदलतो तेव्हाच शेजारी वीज उपजते! त्याच वर्षी चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी पहिला जनरेटरही केला. १८६७ साली ते वारले.