हिराबाईंची मैफल

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा मी हिराबाई बडोदेकरांचे नाव सुचवले. मी शास्त्रोक्त गाणे शिकलेली नाही. हिराबाईंचे गाणेही मी ध्वनिमुद्रिकांवरच ऐकले. पण आज आपण बायका उजळ माथ्याने गाण्याला जाऊन बसतो, त्यामागे या माउलीची केवढी पुण्याई आहे, ते आपणा सर्वांना ठाऊक असावे असे वाटले.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेला झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने बडोद्याच्या. म्हणून आडनाव बडोदेकर. लहानपणी हिराबाईंचे नाव चंपाकली होते. पुढे आईवडील विभक्त झाले आणि पाच मुलांना घेऊन ताराबाई वेगळ्या राहू लागल्या. पाची मुले गाण्यातच वाढली. थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंची तालीम झाली. धाकटी बहीण सरस्वती राणे हीही पुढे नामांकित गायिका झाली.

त्या काळी गाणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहेच. बाईचे गाणे व्हायचे ते बहुधा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, पुरुषांपुढे. घरंदाज बायांनी तिकडे फिरकायचे नाही. गाणाऱ्या बाईच्या विद्येचे कौतुक होई, पण तिला मान मिळत नसे. हिराबाईंनी ही रीत मोडली. तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. हावभाव नाहीत, नखरा नाही. तंबोऱ्याशी शांत बसायचे आणि गायचे. तिकीट काढले की कोणीही यावे. लेकीसुनांना घेऊन सहकुटुंब यावे. भावंडांबरोबर त्या संगीत नाटकांतही उतरल्या. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ; तेव्हा कुलीन वागणुकीच्या या बहिणींना रंगभूमीवर पाहून पुष्कळांचे मत बदलले असेल.

आता त्यांच्या गाण्याविषयी. ख्यालाची चीज म्हणजे चार ओळी. तेवढ्यावर गवई तासभर गातो, तो कसा? आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसत, तेव्हा ओवीची चाल ठरलेली असे, पण शब्द तिथल्या तिथे सुचत. समोरची सखी हूं म्हणाली, तिचे डोळे पाणावले, की पुढची ओवी आणखी जिव्हाळ्याची येई. ख्यालातही असेच आहे. राग, ताल आणि चीज ठरलेली. बाकी विस्तार त्या घटकेला जागच्या जागी करायचा. किराणा घराण्याची रीत तर एकेका स्वरावर थांबून, सावकाश राग उलगडण्याची. अशा गाण्याला ऐकणाऱ्याचा धीर लागतो. श्रोते चुळबूळ करू लागले तर गवयाचे मन पुढे जात नाही. ते तल्लीन झाले, चिजेचा मुखडा समेवर आला आणि साऱ्या सभेची मान एकदम डोलली, म्हणजे गाणाऱ्यालाही नवी वाट सुचते.

म्हणून मला वाटते, हिराबाईंनी मैफलीत जो नवा श्रोता आणून बसवला, त्याने गाण्यालाही काही दिले. मोठ्याने वाहवा म्हणण्याची आपल्या बायकांना सवय नव्हती. त्यांची दाद म्हणजे डोलणारी मान आणि मांडीवरच्या मुलाला थोपटताना धरलेला ठेका. गाणारी बाईच असल्यावर तिला ही दाद कळल्यावाचून कशी राहील? ख्याल गाऊन झाला की हिराबाई नाट्यपद, भावगीत, भजनही गात. राग न कळणारी बाईसुद्धा त्यामुळे आपले काही घेऊन घरी जाई.

त्यांच्या गाण्याच्या तबकड्या घरोघर पोचल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यातही त्यांचा गोड, लागट स्वर मनात घर करतो. पण तबकडी कितीदाही लावा, गाणे तसेच्या तसे येते. आपण रडलो काय, हसलो काय, तिला कळत नाही. मैफलीतले गाणे मात्र गाणारा आणि ऐकणारा मिळून घडवतात. दुसऱ्या दिवशी तोच राग घेतला तरी ते तसे पुन्हा होत नाही.

हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्याकडे शिकलेल्या प्रभा अत्रे पुढे स्वतः थोर गायिका झाल्या. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई निवर्तल्या.

भगिनींनो, आज घरबसल्या हवे ते गाणे ऐकता येते, ही सोय चांगलीच आहे. तरी गावात एखादीचे गाणे असेल, तर सवड काढून समोर जाऊन बसावे. आपल्या मंडळाच्या भजनातही कुणी नवखी बिचकत ओळ घोळवू लागली, तर टाळ सांभाळून तिला वाट द्यावी. हिराबाईंची आठवण ठेवण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. त्या गानतपस्विनीला आपणा सर्वांचे वंदन.