कधी सोसावे, कधी बोलावे : रमाबाई रानडे

कतीफच्या इस्पितळांतून आपल्या देशाच्या परिचारिका काम करतात. रुग्णाचे नातेवाईक चिडले, वरिष्ठ लागट बोलले, तर ऐकून घ्यावे की ठाम उत्तर द्यावे, हा पेच त्यांच्या पेशात नेहमीचाच. अशा वेळी रमाबाई रानडे यांचे चरित्र जरूर आठवावे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे माहेर. १८७३ मध्ये, अजाण वयातच, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांना शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे, अबोला, सारे रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर केले नाही, पण पुस्तकही खाली ठेवले नाही.

१९०१ मध्ये त्यांना वैधव्य आले. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. १९११ पासून सेवासदनाच्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. घरंदाज बाईने हे काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. एका स्नेहसंमेलनात बक्षीस घ्यायला आलेल्या गरीब विधवेची विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. स्वतःचा अपमान निमूट गिळणाऱ्या रमाबाई इथे मात्र गप्प राहिल्या नाहीत. भर सभेत त्यांनी त्या सुशिक्षितांना खडसावले.

१९२४ मध्ये त्या निवर्तल्या. शब्द आपल्याला लागला तर सोसता येतो. दुबळ्याला लागला तर बोललेच पाहिजे. रुग्णाच्या उशाशी उभे राहणाऱ्या प्रत्येकीला हा विवेक उपयोगी पडेल.