पिएर शेफर

पिएर शेफर (१४ ऑगस्ट, इ.स. १९१० - १९ ऑगस्ट, इ.स. १९९५) हे फ्रेंच संगीतकार, नभोवाणी अभियंता, लेखक आणि ध्वनिसंशोधक होते. ध्वनिमुद्रित आवाजांपासून रचल्या जाणाऱ्या 'म्युझिक काँक्रेत' अर्थात मूर्त संगीत या प्रकाराचे ते जनक मानले जातात. गायक-वादक समोर नसताना केवळ लाउडस्पीकरमधून येणारा नाद श्रोत्यांनी एकत्र बसून कसा ऐकावा, हा प्रश्न त्यांच्या रचनांमुळे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला.

प्रारंभिक जीवन

शेफर यांचा जन्म फ्रान्सच्या पूर्व भागातील नान्सी या शहरात झाला. त्यांचे वडील व्हायोलिनवादक, तर आई गायिका होती. घरात संगीत असूनही त्यांनी अभियांत्रिकीची वाट धरली. पॅरिसमधील एकोल पॉलितेक्निक या संस्थेत शिक्षण घेतल्यानंतर ते दूरसंचार सेवेत रुजू झाले. इ.स. १९३६ पासून ते पॅरिसमध्ये नभोवाणीसाठी काम करू लागले.

नभोवाणी आणि युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनीचा ताबा असताना शेफर यांनी पॅरिसमध्ये 'स्टुडिओ देसे' हा प्रायोगिक नभोवाणी स्टुडिओ उभारला. पुढे या स्टुडिओचा प्रतिकार चळवळीशी संबंध आला. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होत असताना पहिली प्रसारणे येथूनच झाली. २४ ऑगस्टच्या रात्री मित्रसैन्याची पहिली तुकडी शहरात पोहोचल्याची वार्ता नभोवाणीवरून देताना शेफर यांनी धर्मगुरूंना चर्चच्या घंटा वाजवण्याचे आवाहन केले. घराघरांत नभोवाणीसंचाभोवती जमलेल्या लोकांनी ते ऐकले आणि शहरभर घंटा वाजू लागल्या.

मूर्त संगीताचा आरंभ

इ.स. १९४८ मध्ये शेफर यांनी पॅरिसच्या बातिन्योल रेल्वे आगारात वाफेच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांपासून रेल्वेविषयक एक छोटी रचना सिद्ध केली. त्या वेळी स्टुडिओत ध्वनिफीत वापरात नव्हती. सर्व काम तबकड्यांवर चाले. तबकडीवरील खाच स्वतःशीच जोडली, की सुई त्याच वर्तुळात फिरत राही आणि आवाजाचा एक तुकडा पुनःपुन्हा ऐकू येई. असे वारंवार ऐकल्यावर तो आवाज कशाचा आहे याकडील लक्ष कमी होऊन त्याचा पोत, चढउतार आणि लय जाणवू लागते, असे शेफर यांच्या ध्यानात आले. घंटेच्या नादातील आघाताचा आरंभ वगळून उरलेला भाग ऐकवला, तर ती घंटा वाटत नाही, हेही त्यांना आढळले.

रेल्वेच्या रचनेसह एकूण पाच रचना ५ ऑक्टोबर, इ.स. १९४८ रोजी नभोवाणीवरून प्रसारित झाल्या. त्यांपैकी दोन रचनांसाठी पियानोचे मूळ वादन पुढे विख्यात झालेले संगीतकार पिएर बुलेझ यांनी केले होते.

सभागृहातील श्रवण

इ.स. १९४९ मध्ये तरुण संगीतकार पिएर आंरी हे शेफर यांचे सहकारी झाले. दोघांनी मिळून 'सिंफनी पूर अन ओम सल' म्हणजे 'एकट्या माणसासाठी सिंफनी' ही रचना केली. माणसाचा श्वास, पावले, बोलणे, शीळ आणि दारावरची थाप अशा आवाजांना तीत स्थान होते. १८ मार्च, इ.स. १९५० रोजी पॅरिसच्या एकोल नॉर्माल द म्युझिक या संस्थेत मूर्त संगीताचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, त्यात ती सादर झाली.

या कार्यक्रमातून नवीच अडचण पुढे आली. वाद्यवृंद नसल्याने श्रोत्यांना पाहण्यासारखे काही नव्हते. इ.स. १९५१ मध्ये अभियंता झाक पुल्लँ यांच्या साहाय्याने एक योजना आखण्यात आली. सभागृहात पुढे दोन, मागे एक आणि डोक्यावर एक असे लाउडस्पीकर ठेवले गेले. मंचावर उभा असलेला चालक हाताच्या हालचालींनी नाद एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे नेत असे. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या सादरीकरणालाही मैफलीचे रूप आले.

सर्वच श्रोत्यांनी हे स्वीकारले नाही. इ.स. १९५३ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन महोत्सवात शेफर व आंरी यांच्या 'ऑर्फे ५३' या संगीतिकेला तीव्र विरोध झाला. पुढल्याच वर्षी एदगार व्हारेझ यांच्या 'देझेर' या रचनेच्या पॅरिसमधील पहिल्या सादरीकरणात गोंधळ उडाला. तिच्या ध्वनिफिती शेफर यांच्या स्टुडिओत पूर्ण झाल्या होत्या.

संशोधन आणि श्रवणाचा सिद्धान्त

इ.स. १९५८ मध्ये शेफर यांनी आपल्या गटाची पुनर्रचना करून 'ग्रुप द रशेर्श म्युझिकाल' हा संगीत संशोधन गट स्थापन केला. त्याच वर्षी आंरी वेगळे झाले. ल्युक फेरारी, यानिस झेनाकिस, बर्नार पार्मेजियानी, फ्रांस्वा बेल आदी संगीतकार वेगवेगळ्या काळात या गटात होते. येथे नवी रचना करण्याइतकेच महत्त्व ऐकण्याला होते. सदस्य एकच आवाज अनेकदा ऐकत, प्रत्येकाला त्यात काय जाणवले याची तुलना करीत आणि त्यानुसार आवाजांचे वर्गीकरण ठरवीत.

या कामाचे फलित म्हणजे इ.स. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला 'त्रेते देझोब्झे म्युझिको' हा ग्रंथ. आवाजाची चाहूल ओळखणे, तो नुसता कानावर पडणे, त्यातील गुण निवडून ऐकणे आणि त्याचा अर्थ समजणे, अशी श्रवणाची चार अंगे त्यात मांडली आहेत. उगम आणि अर्थ बाजूला ठेवून ऐकलेल्या नादाला शेफर यांनी 'नादवस्तू' मानले. पायथागोरसचे शिष्य पडद्याआडून गुरूचे बोलणे ऐकत, अशी आख्यायिका आहे. तिच्या आधारे त्यांनी लाउडस्पीकरला आजचा पडदा म्हटले आणि अशा श्रवणाला 'अकूस्मातिक' ही संज्ञा रूढ केली. सिद्धान्त कानांनी पडताळता यावा यासाठी इ.स. १९६७ मध्ये गी रेबेल आणि बेआत्रिस फेरेरा यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रित उदाहरणांचा संच प्रसिद्ध करण्यात आला. पुढील वर्षापासून शेफर पॅरिसच्या संगीत विद्यालयात हा विषय शिकवू लागले.

उत्तरायुष्य

इ.स. १९५९ मधील 'एत्यूद ओझोब्झे' या रचनेनंतर शेफर यांनी बराच काळ संगीतरचना केली नाही. इ.स. १९६० ते १९७४ या काळात ते फ्रेंच नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. वृद्धापकाळी त्यांना आपल्या कार्याविषयी गंभीर शंका वाटू लागली. पारंपरिक सप्तकाबाहेर खरे संगीत संभवत नाही आणि आपण नाद शोधले तरी संगीत हाती लागले नाही, असे मत त्यांनी इ.स. १९८६ मधील एका मुलाखतीत मांडले. त्यांच्या अनेक शिष्यांनी मात्र हे मत न मानता तीच वाट पुढे नेली.

निधन व वारसा

१९ ऑगस्ट, इ.स. १९९५ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी शेफर यांचे दक्षिण फ्रान्समध्ये निधन झाले. त्यांनी स्थापन केलेला संशोधन गट आजही कार्यरत आहे. फ्रांस्वा बेल यांनी इ.स. १९७४ मध्ये उभारलेला 'अकूस्मोनियम' हा अनेक लाउडस्पीकरांचा वाद्यवृंद या परंपरेतील मैफलींसाठी वापरला जातो. शेफर यांनी स्वतःच्या रचनांविषयी शंका घेतली असली, तरी आवाज लक्षपूर्वक ऐकण्याची, त्याचे वर्णन करण्याची आणि ते इतरांच्या श्रवणाशी ताडून पाहण्याची त्यांची पद्धत विद्युत्-ध्वनिक संगीताच्या शिक्षणाचा पाया ठरली आहे.