रमाबाईंची देवाशी झुंज

देव दयाळू आहे, तर निरपराध माणसे का मरतात? हा प्रश्न भोपाळच्या ख्रिस्ती मंडळीला नवा नाही. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारोंचे प्राण घेतले, आणि हा प्रश्न अनेक घरांत कायमचा मुक्कामाला आला. असे विचारणे म्हणजे अविश्वास, असे सांगून आपण पुष्कळदा मुलांना गप्प करतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर मात्र तसे सांगण्यास जीभ रेटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या लेकीला दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दुष्काळ पडला. त्यांनी व्रते केली, उपवास केले, दानधर्म केला. होते नव्हते ते संपले, झाडपाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई आणि मग बहीणही गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. नेम पाळले की देव राखतो, ही त्यांची श्रद्धा त्या उपासमारीत मोडून पडली. वाचकहो, ही कल्पना त्यांच्याच घरची होती असे समजू नका. प्रार्थना केली, दशांश दिला, आता आपल्या दारी संकट येणार नाही, असा हिशेब आपणही मनात मांडतोच.

१८७८ साली ही भावंडे पायपीट करीत कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, पण मनाला शांती मिळाली नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले व ते त्यांच्या मनात घर करून राहिले. १८८२ साली पटकीने पतीचे निधन झाले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. हा आघात ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेने जवळ करतात, हे त्यांनी फुलहॅम येथे पाहिले होते. शोमरोनी स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त त्यांना त्या सेवेत दिसला.

परंतु बाप्तिस्म्याने झुंज संपली नाही. त्रैक्य व प्रभूचे देवपण याविषयी त्या आपल्या धर्मगुरू भगिनींना पत्रांतून खोदखोदून विचारीत. मंडळीने ठरविले म्हणून मान्य करा, हे त्यांना पटेना. शास्त्र आणि सदसद्विवेकबुद्धी यांची साक्ष त्यांना हवी होती. त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका आला, तरी न पटलेल्या गोष्टीला त्यांनी होकार दिला नाही आणि प्रभूला सोडलेही नाही. ती पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण खुद्द ख्रिस्ताला पुरते ओळखले नाही. तेव्हा कुठे त्यांचे मन विसावले.

आपल्या माणसांना अन्नावाचून का मरावे लागले, याचे उत्तर त्यांना कोणी दिल्याचे दिसत नाही. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. तो मुलूख आज बराचसा आपल्याच मध्य प्रदेशात आहे. तेथील हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपले जुने दिवस आठवले. सुमारे ३०० मुली व विधवा त्यांनी आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. भूक कशी असते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

दुःखाने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. मूळ इब्री व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे. दुःखाने रमाबाईंच्या देवाविषयीच्या कल्पना एकामागून एक मोडल्या. त्यांनी मोडक्या कल्पना टाकल्या, देवाचा शोध टाकला नाही. याकोबही यब्बोकपाशी रात्रभर झुंजला आणि लंगडत निघाला, पण आशीर्वाद घेऊनच. तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाने, माझी आई का गेली, असे विचारले तर त्याला दटावू नका, घाईने एखादे वचनही पुढे करू नका. त्याच्याजवळ बसा. त्या मुलाची झुंज देवाशीच चालली आहे, आणि देवाला तिचे वावडे नाही.